शेजारच्या सीटवरचा ब्रेक

गाडी मी ठोकली, हे मी नाकारत नाही. नाकारायला जागाच नाही, कारण ठोकली ती भर सकाळी, भर बाजारात, आणि तीही नळ, बेसिन आणि कमोड विकणाऱ्या दुकानावर. दुकानदाराने सगळा माल हौसेने फूटपाथवर मांडला होता. समोरून एक सायकलवाला आडवा आला, मी घाबरलो, ब्रेक समजून जीव खाऊन ॲक्सिलरेटर दाबला, आणि सायकलवाल्याला सोडून गाडी थेट त्या पांढऱ्याशुभ्र मंडळींत जाऊन बसली. एक गुलाबी वॉशबेसिन बॉनेटवर चढलं होतं आणि मी हॉर्न वाजवत होतो. घाबरलो की मी हॉर्न वाजवतो. फुटण्यासारखं सगळं फुटून झाल्यावरही मी वाजवतच होतो. शेवटी शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणाले, "आता पुरे. आपण आलोय ते कळलंय त्यांना."

माझ्याबद्दल कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. माझ्या बायकोने तर बातमी ऐकून फक्त "कुठलं दुकान?" एवढंच विचारलं. आश्चर्य वाटलं ते मास्तरांबद्दल. कारण गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. शेजारचा शिकाऊ माणूस ऐन वेळी नको ते करणार, हे गृहीत धरूनच तो बसवलेला असतो. आणि आमच्या मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर नाही असा क्षण कोणी पाहिला नव्हता. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शटरवर नावापेक्षा मोठ्या लाल अक्षरांत पाटी होती : 'आजवर एकही अपघात नाही.'

"मी दाबला होता," मास्तर म्हणाले.

मेकॅनिकने गाडीखाली झोपून दोन्ही ब्रेक तपासले. दोन्ही ठणठणीत. बाहेर येऊन हात पुसत तो म्हणाला, "मास्तर, डुलकी लागली असेल. वय झालं की होतं असं."

"मी दाबला होता," मास्तर पुन्हा म्हणाले. संध्याकाळी त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि पाटीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. मी खाली स्टूल धरून उभा होतो. "काढून टाकताय का मास्तर?" मी विचारलं. "झाकतोय," ते म्हणाले. "निकाल लागला की बघू."

मास्तर कोण, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. इथे स्टिअरिंगला हात लावणारा जवळजवळ प्रत्येकजण त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेला आहे. नावं लक्षात ठेवायची त्यांना सवय नव्हती. माणसं ते चुकांवरून ओळखत. बँकेचे मॅनेजर म्हणजे 'हाफ क्लच'. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे 'आरसा विसरली'. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाला सगळ्या वऱ्हाडासमोर "काय हो चढावर बंद, बरे आहात ना?" असं विचारलं होतं, आणि नवरीकडच्यांना त्याचा खुलासा करता करता यजमानांची पुरेवाट झाली होती. मी अर्थातच 'हॉर्न'. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं, पण ते वापरण्याची वेळ मी त्यांच्यावर येऊ दिली नाही.

त्यांचा उजवा पाय मात्र कधीच सुट्टीवर जात नसे. चहाच्या टपरीच्या बाकावर बसले तरी जमिनीला टाच टेकून पंजा अधांतरी. सिनेमात नायकाची गाडी वळणावर आली की पुढच्या खुर्चीला मागून धक्का बसे. पुढचा माणूस चिडून वळला की मास्तर म्हणत, "अहो, तो बघा ना कसा वळवतोय!"

या माणसाने गावाला गाडी शिकवली, पण बायकोला शिकवली नाही. "मी शिकवलं तर ती गाडी शिकेल, पण मग आम्ही बोलणार कसे?" असं त्यांचं म्हणणं. वहिनी शांत बाई. त्या मुकाट्याने चौकापलीकडच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या, पहिल्या फटक्यात लायसन्स घेऊन आल्या आणि ते जेवणाच्या टेबलावर मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवलं. मास्तरांनी त्यावर फोटो चांगला आलाय, एवढंच म्हटलं. पण तेव्हापासून वहिनी गाडी चालवत असल्या की मास्तरांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. "आरसा. इंडिकेटर. अगं, तो रिक्षावाला बघ. हेच शिकवतात का तिकडे?"

तर, अपघातानंतर काही दिवसांनी मास्तरांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहू लागली. ते पुढे, चप्पल मागे. मग पोटरीत कातडीखाली काहीतरी लवलवायला लागलं. "उंदीर पळतात," ते म्हणत. गुडघ्याच्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला, कमरेच्या डॉक्टरांनी कंबर पाहिली, आणि दोघांनीही आपापला अवयव निर्दोष ठरवला. शेवटी मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी सुया टोचून, विजेच्या तपासण्या करून नाव सांगितलं : मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या पेशी मरत जातात. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, श्वास. क्रम बदलतो, दिशा बदलत नाही. रोग रोखणारं औषध नाही.

मास्तरांनी मला हे समजावलं ते असं : "वर एक मास्तर बसलाय, तो ओरडतोय ब्रेक, ब्रेक. खाली शिकाऊ बसलाय. मधली तार झिजली. शिकाऊला ऐकूच येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला तर तार शाबूत असून ऐकू येत नाही."

मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, लाज वाटावी इतकं बारीकसं, एक हायसंही वाटलं : म्हणजे त्या दिवशी चूक माझी नव्हती तर! रोगाची होती. बाकीच्यांनी हे मोठ्याने बोलूनही दाखवलं. मेकॅनिक येऊन "डुलकी म्हणालो, माफ करा" म्हणून गेला. बेसिनवालासुद्धा भेटायला आला आणि म्हणाला, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुमचा दोष नाही, पायच गेला तर तुम्ही काय करणार?"

मास्तरांना नेमकं हेच झोंबलं. "पाय गेला हे मान्य," तो गेल्यावर ते म्हणाले. "पण मी जागा होतो की नाही? वेळेवर दाबला की नाही? सगळे म्हणतात रोग, रोग. म्हणजे मी तिथे नव्हतोच. पाटीवरचा कागद काढायचा तो कशाच्या भरवशावर? दया म्हणून?"

पाटीवरचं वर्तमानपत्र तसंच राहिलं.

अशात त्या डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मोठ्या संशोधन संस्थेत मेंदूची चित्रं काढणारं नवं, फार ताकदीचं मशीन आलं होतं. या आजाराच्या माणसांच्या मेंदूत काय काय बदलतं, ते त्यात बघणार होते. पुढेमागे रोग लवकर ओळखता यावा, नवं औषध लागू पडतंय की नाही ते कळावं, यासाठी. मास्तर ताबडतोब तयार झाले. सगळ्या गल्लीचे डोळे पाणावले. विज्ञानासाठी एवढा त्याग! मी एकटाच गाडीत त्यांच्या मागे बसलो होतो म्हणून मला खरं कारण कळलं. ते वहिनींना म्हणाले, "आत बघणार आहेत ना? मग बघू देत. मी दाब म्हटलं की वरून हुकूम सुटतो की नाही, ते दिसेलच."

संशोधन करणारी डॉक्टर तरुण होती, चष्म्याची, आणि सायकलवरून यायची. त्याबद्दल मास्तरांनी तिला क्षमा केली. पण तिला कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नसे. "असं म्हणता येईल, पण नक्की असंच म्हणता येणार नाही." पहिल्याच भेटीत मास्तरांनी तिचं नाव 'न्यूट्रल' ठेवलं. एका बाबतीत मात्र ती स्वच्छ बोलली. "काका, तुम्हाला स्वतःला याचा काही उपयोग होणार नाही. झाला तर पुढच्यांना होईल."

"माझा धंदाच तो आहे," मास्तर म्हणाले. "मी शिकवलेल्यांतला एकजण तरी मला घरी सोडायला आलाय का?"

मी घशातल्या घशात खोकलो.

मग त्यांच्या खिशातल्या किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं काढून घेतलं. ते मशीन म्हणजे प्रचंड चुंबक. डोक्यावर पिंजऱ्यासारखं शिरस्त्राण, त्यावर छोटा आरसा ("आरसा आहे, बरं झालं," मास्तर), आरशात पडदा दिसणार. पायाशी एक मऊ पॅडल. पडद्यावर 'दाबा' आलं की उजव्या पायाने पॅडल दाबायचं, दबलं नाही तरी दाबायचा प्रयत्न करायचा. 'आराम' आलं की काही करायचं नाही. दोन्ही वेळची चित्रं एकमेकांतून वजा केली की मेंदूचा कुठला भाग हुकूम सोडतो ते दिसतं. डोकं हलवायचं नाही. आम्ही काचेबाहेर बसलो. आत लोखंडी पत्र्यावर कोणीतरी हातोडे मारत असल्यासारखा आवाज, आणि त्यात मास्तरांचे दोन मोजे स्थितप्रज्ञासारखे.

बराच वेळ झाल्यावर न्यूट्रलच्या कपाळावर आठी पडली. वजाबाकी करून उरत काहीच नव्हतं. मास्तर बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काका, 'दाबा' आलं तेव्हा तुम्ही दाबत होता?"

"म्हणजे काय! जीव खाऊन."

"आणि 'आराम' आलं तेव्हा?"

"तेव्हा ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो."

"ब्रेकवर? का?"

"शिकाऊ गाडी चालवतोय. पाय काढून कसं चालेल?"

"कोण शिकाऊ? आत तर कोणी नव्हतं."

मास्तरांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "हे."

तिने समजावलं, आराम म्हणजे आराम. मनातसुद्धा पाय उचलून धरायचा नाही. मास्तर म्हणाले, आराम म्हणजेच ब्रेकवर पाय. दाबणं म्हणजे काम. एका आयुष्याची व्याख्या दुसऱ्या शास्त्राच्या व्याख्येत बसेना. शेवटी न्यूट्रलने चष्मा पुसत, पुन्हा एकदा अगदी सरळ सांगितलं. हे चित्र वापरता येणार नाही. आणखी एकदा घेता येईल. तेही असंच आलं तर त्यांना अभ्यासातून वगळावं लागेल. आणि फार थांबताही येणार नाही, कारण या आजारात पुढे पुढे सपाट झोपलं की श्वास अडकतो.

घरी येताना मास्तर वहिनींना एकदाही "इंडिकेटर" म्हणाले नाहीत. वहिनींनी दोनदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "समोर बघ," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही मास्तरांना आराम शिकवायला घेतला. आयुष्यभर ज्याने गावाला शिकवलं त्याला मी शिकवतोय या कल्पनेने मी जरा फुगलो होतो. "मास्तर, डोळे मिटा. बाग आहे असं समजा. हिरवळ आहे."

"आहे."

"तुम्ही हिरवळीवर पडलाय."

"आणि गाडी?"

"गाडी नाही."

"मग मी तिथवर आलो कसा?"

समुद्र करून पाहिला; वाळूत चाक रुतलं. ढग करून पाहिले; धुक्यात हेडलाइट लावावे लागले. झोपी जायला सांगावं तर न्यूट्रलने झोपायला मनाई केली होती. मी हताश होऊन म्हणालो, "मास्तर, तुम्ही कधी पाय सोडून बसलाच नाहीत का हो?" ते पायाकडे बघत म्हणाले, "लहानपणी बसलो असेन. तेव्हा ब्रेक नव्हता."

उत्तर मला सापडलं ते हुशारीने नव्हे, मागच्या सीटवर बसल्यामुळे. एव्हाना मी पुन्हा शिकायला लागलो होतो, कारण मास्तरांचा हट्ट : अर्धवट शिकवून सोडायचं नाही. त्यांचा उजवा पाय निवृत्त झाल्यावर डाव्याची हंगामी नेमणूक झाली होती. मी स्टिअरिंगवर असलो की तो डावा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर ताठ उभा. त्या दिवशी शिकवणी संपल्यावर मी मागे बसलो आणि वहिनी पुढे आल्या. मास्तरांची सरबत्ती सुरू झाली. "आरसा. अगं, किती कडेने घेतेस? तिकडे पैसे घेऊन हेच शिकवलं?" मी सहज वाकून खाली पाहिलं. डावा पाय ब्रेकच्या आसपासही नव्हता. तो लांब पसरलेला होता, उजव्यावर टाकलेला, चप्पल अंगठ्यावर लोंबकळत होती. चौक आला, बस आडवी गेली, वहिनींनी ब्रेक मारला, मास्तर "गेलो!" म्हणून ओरडले. पाय हलला नाही.

मी वहिनींना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी न्यूट्रलला गाठून सांगितलं. ती म्हणाली, "असं मी औपचारिकरीत्या सुचवू शकत नाही." मग सायकलचं कुलूप काढत म्हणाली, "पण मनात काय आणायचं ते माणसाने स्वतः ठरवायला हरकत नाही."

म्हणून दुसऱ्या खेपेला मशीनमध्ये सरकवण्याआधी मीच मास्तरांच्या कानाशी वाकलो. शिरस्त्राणातून त्यांचे फक्त डोळे दिसत होते. "मास्तर, 'दाबा' आलं की मी चालवतोय. बेसिनवाल्याच्या दुकानापुढे."

"बरं."

"'आराम' आलं की वहिनी चालवताहेत."

डोळे माझ्यावर रोखलेले राहिले. "कोणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले.

"तुमच्या चपलेने."

"काचेमागे ती बसलीय का?"

"हो."

"तिला बोलाल तर लायसन्स विसरा," असं म्हणून ते आत गेले.

हातोडे सुरू झाले. वहिनी माझ्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर राखाडी मेंदू आणि त्यावर रंगांचे डाग उमटायला लागले. 'दाबा' : माथ्यावर, मधोमध, निखारा फुलावा तसा रंग. 'आराम' : विझला. पुन्हा 'दाबा', पुन्हा निखारा. पुन्हा 'आराम', पुन्हा राख. न्यूट्रल खुर्चीतून अर्धवट उठली. "वा! किती स्वच्छ! तेच सांगितलंत ना त्यांना?"

मी लायसन्सचा विचार करून गप्प बसलो. पण न्यूट्रल बिचारी शास्त्रज्ञ. मनात काही राहत नाही. "आरामाच्या वेळी गाडी काकू चालवताहेत असं समजायचं ठरलं होतं ना?" ती बोलून गेली.

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. आत्ता 'आराम' चालू होता. सगळा मेंदू कसा संथ, राखाडी, निवांत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आणि मला म्हणतात, आरसा बघ."

मास्तर बाहेर आल्यावर न्यूट्रलने त्यांना चित्रं दाखवली. आणखी एक चित्र होतं, मेंदूतून खाली उतरणाऱ्या तारांचं, रंगीत दोऱ्यांसारखं. एका बाजूचा झुपका दाट होता. उजव्या पायाकडे जाणारा विरळ, जुन्या दोरखंडासारखा पिंजलेला. मास्तर त्यावर वाकले. भीती वगैरे काही नाही. बॉनेट उघडून बघावं तसं बघत होते.

"आता मला एक सांगा," ते म्हणाले. "मी दाबायचं म्हटलं की वरून हुकूम सुटतो?"

"हो. उलट नेहमीपेक्षा जास्त भाग कामाला लागलेला दिसतोय. म्हणजे, असं म्हणता येईल."

"आणि पॅडल?"

तिने आकडा पाहिला. "जवळजवळ नाहीच दबलं."

"म्हणजे मी दाबला होता."

"काका, आजचं आज दिसतं. त्या दिवशी काय झालं ते हे मशीन नाही सांगू शकत. आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आम्ही पुष्कळ जणांची सरासरी काढतो. पण..." तिने त्या निखाऱ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "पण हा माणूस झोपला होता, असं मला म्हणता येणार नाही."

"बघा," मास्तर मला म्हणाले, "गाडी गियरमध्ये आली."

पुढे मास्तरांना चाकाची खुर्ची आली. आल्या आल्या त्यांनी तिचे दोन्ही ब्रेक तपासले आणि एक सैल आहे म्हणून परत पाठवली. दुसरी आली तेव्हा त्यांचा आवाज जरा जड झाला होता. शब्द मोजून खर्च करायला लागले होते. पहिल्यांदा त्यांना खुर्चीत बसवून बाहेर नेलं ते मी. वळणांवर सूचना होत्याच. वहिनी सोबत चालत होत्या. ड्रायव्हिंग स्कूलसमोर त्यांनी हात वर केला. मी थांबलो. बोटाने पाटी दाखवली.

मी स्टूल आणलं, वर चढलो. या वेळी स्टूल वहिनींनी धरलं. वर्तमानपत्र ओलं करून सोलून काढलं. खालची लाल अक्षरं तशीच होती. मास्तरांनी खिशातून खडू काढून माझ्याकडे दिला आणि 'एकही' या शब्दाकडे बोट केलं. मी विचारलं, "खोडू?" त्यांनी मान डोलावली. मग सावकाश म्हणाले, "लिहा... एकच." मी 'एकही अपघात नाही' खोडून तिथे 'एकच अपघात' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मास्तर समाधानाने बघत राहिले.

मला राहवेना. खाली उतरून मी त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसलो. वाटलं, आता सगळं मिटलंच आहे. हुकूम सुटला होता, तार तुटली होती, यंत्रानेसुद्धा साक्ष दिली. आता एक मोठ्या मनाचं वाक्य ऐकावं आणि घरी जावं.

"मास्तर," मी म्हणालो, "तुमची चूक नव्हती हे ठरलं. पायाचीही म्हणता येत नाही, तो आजारी. मग त्या दिवशी चूक कोणाचीच नव्हती, असंच ना?"

मास्तरांनी श्वास घेतला, शब्द जुळवले आणि म्हणाले, "ब्रेक तुमच्याही पायाखाली होता."